पाद्रीबुवांचं अंथरूण

उमलाझी,
गुरुवार, १२ ऑक्टोबर २०२३

प्रिय नोमवेलो, सूनबाई,

तुला आणि तुझ्या बहिणीला आशीर्वाद, तिच्या बाळाला गोड पापा. बाळाला दात आले का? येताना हिरड्या शिवशिवतात, कडक पावाचा तुकडा हातात द्यावा, नुसता चघळत बसतो. इथे आम्ही बरे आहोत. माझ्या गुडघ्यांची कुरकुर चालूच असते, पण अंगण अजून मीच झाडते. मागच्या पपईला यंदा इतकी फळं लागली आहेत की शेजारी वाटून वाटून कंटाळले.

आज बायकांच्या प्रार्थनेचा दिवस. प्रार्थनेला घालायचं लाल जाकीट दाराला लटकलेलं आहे, पण मी गेले नाही. तुला लिहायचं होतं.

तुझा निरोप मिळाला. शनिवारी बहिणीच्या नवऱ्याचा छोटा ट्रक घेऊन तुझी माशांची टाकी न्यायला येतेस, माझा लुंगेलो घरात नसेल अशा वेळी. आणि खाली विचारलंस, "मा, तळाशी पुन्हा वाळू घातलीत का, की काच उघडीच आहे? त्या हिशेबाने डबे आणते." एवढासा प्रश्न. हो किंवा नाही म्हटलं की झालं. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा सफाईने काहीतरी बोलून गेले असते, म्हणून कागद घेतला.

आधी टाकीची खबर देते. तुझे प्रवाळ जगले आहेत. हिरवा, बोटांसारखा फुटलेला, तो आता दगडाच्या पलीकडे पोचलाय. जांभळा जरा रुसला होता, पण परवापासून फुलतोय. वीज जाते तेव्हा बॅटरीवर पंप कसा चालवायचा, हे मी त्या शोभेचे मासे विकणाऱ्या पेरुमालच्या दुकानात बसून शिकले. पाण्यातलं मीठ मोजते. भरतीचं पाणी आणून, गाळून, मग घालते. पेरुमाल म्हणतो, "आंटी, तुम्ही माझ्या गल्ल्यावर बसा, मी घरी जाऊन झोपतो."

वाळूचंही त्यालाच विचारलं. म्हटलं, "बाबा, एकदाचं सांग, तळाला वाळू बरी की उघडी काच?"

"आंटी, ह्या प्रश्नावर माझं आणि माझ्या भावाचं बोलणं बंद झालंय. तो ईस्टरलासुद्धा येत नाही."

"थट्टा नको. सांग."

तेव्हा तो सरळ बोलला. उघड्या काचेवर पडलेली घाण दिसते, रोज नळीने ओढून काढता येते, पंप जोरात सोडला तरी काही उधळत नाही, प्रवाळांना ते मानवतं. वाळूत बारीक किडे-गोगलगायी राहतात, राबतात, आणि काही माशांना वाळूवाचून चालतच नाही. "पण वाळू म्हणजे पाळलेलं जनावर हो, आंटी. एकदा घरात आणलं की सांभाळायचं. आणि जुनी वाळू एकदम उपसायची नाही. खाली दबलेलं विष वर येतं."

मी मान हलवली. जणू पहिल्यांदाच ऐकत होते.

नोमवेलो, तू मला हे सांगितलं होतंस. आपल्या स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता. "मा, वाळूवरचा तपकिरी थर आपोआप जाईल. ही धूळ नाही, हिच्यात जीव आहेत." मी हं म्हटलं. मनात म्हटलं, पोरगी आळस झाकतेय.

जूनमध्ये एका सोमवारी तू बहिणीच्या बाळंतपणाला गेलीस आणि त्याच दिवशी लुंगेलोला कंपनीने रिचर्ड्स बेच्या बंदरावर कामाला धाडलं. त्या आठवड्यात प्रार्थनेच्या बायका आपल्या घरी होत्या. चहा झाला, केक झाला. माम्सोमी टाकीपाशी जाऊन वाकली, तिचं नाक काचेला टेकलंच. म्हणाली, "मा-ग्वाला, तुझ्या अंगणात मक्याचा फुथू सांडला तर मी उचलून खाईन. पण ही घाण काचेत घालून, वर दिवा लावून, कुणाला दाखवायला ठेवलीस? सूनबाईला झाडू धरता येत नाही वाटतं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. तुझी बाजू घेऊन एक शब्द बोलले नाही. बायका गेल्यावर बाह्या सारल्या आणि पत्र्याच्या मगाने सगळी वाळू उपसून बादलीत भरली.

पाणी दुधासारखं झालं. नासक्या अंड्याचा वास सुटला. मी घाबरले, पण हात थांबला नाही, अर्धं काम टाकायची मला सवय नाही. अंधार पडायच्या आत पाणी निवळत आलं आणि खालची काच चकचकीत दिसायला लागली, माझ्या अंगणासारखी. मला फार बरं वाटलं.

हे सगळं टाकीतला तो ठिपकेवाला मासा जिवंत असताना झालं.

तुझे पाद्रीबुवा. सगळ्यांच्या आधी झोपायला जातात म्हणून तू नाव ठेवलंस, आणि मी तुला रागावले, मग मीही तसंच म्हणायला लागले. त्या संध्याकाळी मी समोर शेंगा सोलत बसले होते. त्यांची वेळ झाली. नेहमीसारखे एक गिरकी मारून, डोकं खाली घालून ते वाळूत शिरायला गेले. टक् झालं. उलटे फिरले, दुसऱ्या कोपऱ्यात गेले, पुन्हा टक्. असं किती वेळ चाललं होतं! रोजचं अंथरूण कुठे गेलं ते त्यांना कळेना.

मला मात्र कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं. बादली मागच्या दाराशी होती, वाळू अजून ओली होती. वाडगाभर धुऊन एका कोपऱ्यात घातली असती तरी भागलं असतं. मी उठलेसुद्धा. मग काचेकडे बघितलं. इतकी स्वच्छ होती! मी खाली बसले आणि उरलेल्या शेंगा सोलल्या.

पुढच्या दिवसांत त्यांचं तोंड पांढरं पडलं. खाणं सुटलं. एका सकाळी दगडामागे आडवे पडलेले दिसले. मी वर्तमानपत्रात गुंडाळून पपईखाली पुरलं.

तुम्ही दोघं परत आलात तेव्हा मी जे सांगितलं त्यात क्रम उलटा होता. आधी मासा उडी मारून टाकीबाहेर पडला, मग मी वाळू काढली, झोपणाराच नाही तर अंथरूण कशाला, असं म्हटलं. आणि लुंगेलोला म्हटलं, "तू निघायच्या घाईत खायला घातलंस आणि झाकण बाजूलाच राहिलं रे."

"मा, मी लावलं होतं."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

ह्यावर कुठला मुलगा आईला हो म्हणेल?

मग तुम्हा दोघांची ती भांडणं. तू त्याला म्हणायचीस, "मासा गेला त्याचं दुःख मी गिळेन. पण चूक तुझी आणि कबूल करायला तोंड नाही, ह्याचं काय करू?" तो ओरडायचा, "लावलं होतं झाकण!" मी पलीकडे चुलीशी असायचे. एक वाक्य बोलायचं होतं. तू बहिणीकडे जायला बॅग भरलीस तेव्हाही मी तुला वाटेसाठी वाफेचा पाव बांधून दिला, ते वाक्य दिलं नाही. लोकांना सांगत फिरले, आजकालच्या मुलींना माशाएवढं निमित्त पुरतं.

आणखी एक आहे. ऑगस्टमध्ये लुंगेलो तुझ्याकडे आला होता. आदल्या दिवशी जेवताना म्हणाला, "मा, मला आता खात्री वाटत नाही. राहिलं असेल उघडं. मी कबूल केलं तर ती येईल का?" माझ्या मुलाला न केलेली चूक खरी वाटायला लागली होती, आणि मी त्याच्या ताटात अजून घास वाढला. म्हटलं, "करून बघ. कबूल केल्याने माणूस लहान होत नाही."

मी, हे मी म्हटलं.

तू त्याला काय म्हणालीस ते त्याने आल्यावर सांगितलं. "म्हणजे इतके दिवस माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलत होतास." त्यानंतर तो तुझं नाव काढत नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. काच उघडीच आहे. पेरुमालकडून नवी वाळू आणून, धुऊन, मोरीपाशी ठेवली आहे. काल घालणार होते. घातली असती तर शनिवारी तू पांढरीशुभ्र वाळू बघून म्हणाली असतीस, "मा, किती निगा राखलीत!" आणि मी ते ऐकून घेतलं असतं. मी स्वतःला ओळखते. म्हणून घातली नाही. वाळू की काच, ते आता तू ठरव. तुझी टाकी आहे.

संध्याकाळ.

इथवर लिहून पत्राची घडी केली होती. मग वाटलं, हे तुला कळायच्या आधी त्याला कळायला हवं. लुंगेलो कामावरून आला, त्याला जेवायच्या आधी वाचायला दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

शेवटी एवढंच विचारलं, "मा, मी तिला खोटं कबूल करायला निघालो, त्या सकाळी माझ्या शर्टाला इस्त्री तूच केली होतीस ना?"

मी हो म्हटलं.

तो जेवला नाही. बाहेर पायरीवर बसलाय. मघाशी आत येऊन म्हणाला, हे पत्र टॅक्सीवाल्याकडे द्यायचं नाही, उद्या पहाटे तो स्वतः घेऊन येतो. मी आणखी काही लिहू नये असं त्याला वाटतं, पण एवढं लिहिते. झाकण त्याने लावलं होतं, नोमवेलो. तो आला की दाराशी उभा ठेवू नकोस, आत घे. माझं काय करायचं ते नंतर ठरवा. घाई नाही.

'तुझी मा' असं लिहायला हात धजत नाही.

लुंगेलोची आई,
मा-ग्वाला