गोपिकाबाईनं कुंकू पुसलं न्हाई

वडीगोद्री,
१२ डिसेंबर १९९८

प्रिय दादा,

नमस्कार. मायच्या पायावर माझं डोकं, उषावहिनीला आठवण. पत्र फाडायचं असलं तर आधी वाच, मंग फाड. कापूस घरात आला का? तूर यंदा बरी दिसते, रस्त्यानं जाता-येता पाहून राह्यले.

हो, लंडनहून न्हाई, वडीगोद्रीहून लिहून राह्यले. आमच्या सिनेमाचं काम इथं चालू आहे, अन् निर्माती मी आहे. निर्माती म्हणजे नाचणारी न्हाई बरं का! पैसा उभा करणारी, माणसं जमवणारी, अन् भांडण झालं की शेवटचा शब्द जिचा, ती. निम्मी मंडळी विलायतेची, निम्मी आपली. प्रत्येक प्रसंग दोनदा काढतो, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. दोन्हीकडचे माझ्या तोंडाकडं बघत बसतात. तुझी बहीण लई मोठी झाली रे दादा! मीच सांगते, दुसरं कोण सांगणार तुला?

परवा इथं तमाशाच झाला. मेंढरं राखणाऱ्या बाईचं काम इथल्याच गोपिकाबाई करतात. गोष्टीत तिचा नवरा मरतो अन् ती कुंकू पुसते. आमचा दिग्दर्शक पीटर, इंग्रज माणूस, म्हणाला, पुसा. मी मराठीत सांगितलं. बाई जागची हलेना.

"म्हतारा थितं बसलाय मेंढराजवळ. म्या कसं पुसू?"

"मावशी, खोटं खोटं आहे. खेळातलं."

"खेळात बी न्हाई. जित्या मान्साला मेलं म्हनू न्हाई, बाई."

तिचे म्हातारे, म्हस्कूबाबा, तिकडून विडी ओढत म्हणाले, "बराबर बोलली."

पीटर तापला. त्याला वाटलं, बाई नखरे करून राह्यली. मी त्याला बाजूला नेऊन त्याच्या भाषेत समजावलं. ऐकेना. म्हणाला, हा प्रसंग न्हाई तर सिनेमाच न्हाई. मंग मी बी हट्टाला पेटले. म्हटलं, नवरा मरणारच न्हाई. तो परमुलखात गेला अन् बाई वाट पाहून राह्यली, एवढंच. कुंकू कपाळावर राहील. पीटर दिवसभर माझ्याशी बोलला न्हाई. काल त्यानं काढलेला प्रसंग बघितला अन् स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आला.

हे मला जमतं, दादा. दोन मुलखांच्या मधी उभं राहायचं अन् कुणाचाच अपमान होऊ द्यायचा न्हाई. लंडनात याच्यासाठीच मला बोलावतात. अभिमान वाटतो, का वाटू नये?

आता खरं लिहिते. आमच्या जीपवर भुजंग नावाचा ड्रायव्हर आहे, आपल्या कुंभार पिंपळगावचा. तो मला ओळखत न्हाई. पहिल्याच दिवशी मी सहज तुझी खबर विचारली, बद्रीनाथराव कसे आहेत?

"झ्याक हायेत. एक बहीन व्हती त्याहिला, फारीनला वारली म्हन्तेत."

"कोण म्हणतं?"

"ते सोताच सांगतेत की."

मी खिडकीबाहेर बघत बसले. मार्टिनशी लग्न केलं तवा तू म्हणाल्तास, आजपासून तू आम्हाला मेलीस. मला वाटलं, राग आहे, उतरंल. तू तर गावभर मला मारून बसलास! मायला काय सांगितलंस रे? ती माझ्या नावानं रडते का? तेवढं एक आठवलं की मला जेवण जात न्हाई. इतके दिवस पिंपळगावकडं वळणारा रस्ता आला की मी मान फिरवत होते.

गोपिकाबाईनं खेळात केलं न्हाई, ते तू खरोखर केलंस.

येत्या बाजाराच्या दिवशी मी येते. चोरून न्हाई, भर बाजारातून, मार्टिनला बरोबर घेऊन, दुकानादुकानात थांबून ओळखी काढत. आपल्या दारापर्यंत निम्मं गाव मागं येईल. लोक विचारतील, बद्रीनाथराव, ही कोण? काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेव. जगाचं बोलणं मी इकडून तिकडं करते, पण त्या वेळेला मी तोंड उघडणार न्हाई. तुलाच बोलावं लागंल, अन् माय ऐकत असंल.

तुझी धाकटी, जिती बहीण,
सत्यशीला