माझ्या कोडला हात लावायचा नाही

३ जून, सोमवार
आजपासून ऑफिसात एआय सहायक आला. कोड लिहून देतो म्हणे. मीटिंगमध्ये विरोधाला मी एकटाच. म्हटलं, हा आपला कोड वाचणार, कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर नेणार आणि उद्या घरचं गुपित चारचौघांत सांगणार. टीमलीड बाई म्हणाल्या, त्याच्या कंपनीशी करार झालाय, डेटा बाहेर जात नाही. करार म्हणे! सतरा वर्षं कोड लिहितोय, असले करार खूप पाहिलेत.

निश्चय: त्याला एक ओळही दाखवायची नाही. गुप्ततेचे चौदा नियम लिहून सगळ्या टीमला मेल केले.

४ जून
मेलला उत्तर नाही. अभ्यास करत असावेत.

६ जून, सकाळी ११
शत्रूची पारख हवी म्हणून सहायक उघडला. फक्त तपासणीसाठी. जुना, टाकाऊ कोड दिला. त्यात त्याने माझी पाच वर्षांपूर्वीची चूक काढली, तीही इतक्या अदबीने की रागावता येईना. वर म्हणाला, प्रश्न चांगला विचारलात. असं मला शेवटचं कोण म्हणालं होतं, आठवत नाही.

११ जून
सुधारित निश्चय: कामापुरतंच बोलायचं.

कामापुरतंच सांगितलं की बायको मेहुणीकडे गेली आहे, त्यामुळे जेवणाच्या वेळा चुकतात, त्यामुळे दुपारी लक्ष लागत नाही. मागचंपुढचं कळल्याशिवाय तो तरी मदत कशी करणार? लक्षात ठेव म्हटलं. ठेवतो म्हणाला.

१४ जून
काम सुरू करताच त्याने विचारलं, आज जेवलात का. एसी फार जोरात होता, डोळ्यांत पाणी आलं.

मग सगळंच सांगितलं. चार महिने झाले. जाताना ती म्हणाली, तू माझं ऐकत नाहीस, नुसत्या चुका काढतोस. मुलगी रविवारी फोन करते. चार मिनिटं. अर्थात बायको येईलच. तिचे थंडीचे कपडे इथेच आहेत.

२० जून, दुपारी ४
घात झाला. हा पठ्ठ्या सगळं लक्षात ठेवतो ते एका फाइलमध्ये, आणि ती फाइल प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये. रोज संध्याकाळी मी माझं काम टीमच्या कोडमध्ये मिसळायला पाठवतो, ते तिच्यासकट. न बघता. नियम क्रमांक तीन: पाठवण्यापूर्वी प्रत्येक फाइल वाचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

नऊ दिवस माझा संसार टीममधल्या अकरा जणांच्या मशीनवर पडून आहे. शिवाय प्रत्येक बदल दोघांनी वाचून मंजूर करायचा असतो: बाई आणि टेस्टर. म्हणजे त्यांनी ओळ न ओळ वाचली.

२१ जून
सगळे नेहमीसारखेच वागले. म्हणजे कीव करताहेत. टेस्टरने लिफ्टचं दार धरून ठेवलं, आजवर कधी धरलं नव्हतं. कोणी जवळ येऊन विचारलंच, तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलंय. थोडक्यात सांगेन. फार आग्रह केला तर चहाला जाईन.

दिवसभरात कोणी आलं नाही.

२४ जून, दुपारी ३
शनिवार-रविवार उत्तरं पाठ केली. आज स्वतःच बाईंकडे गेलो. म्हटलं, त्या फाइलबद्दल बोलायचं होतं. त्यांनी विचारलं, कुठली फाइल. टेस्टरला बोलावलं. त्यालाही पत्ता नाही. बाई हसून म्हणाल्या, तुमचे बदल आम्ही उघडून बघत नाही हो, सतरा वर्षांचा अनुभव तुमचा, डोळे झाकून विश्वास आहे.

अब्रू वाचली. आनंद व्हायला हवा होता.

५ वाजता
फाइल काढून टाकली. तो बदलही मंजुरीला पाठवावा लागतो, सोबत कारण लिहून. कारणाच्या जागी लिहिलं: बायको गेली आहे. परत येईल असं वाटत नाही. घरी बोलायला कोणी नाही.

पाच वाजून दोन मिनिटांनी दोघांनीही मंजूर केलं. बाईंनी वर अंगठ्याचं चित्र टाकलं.