हात खाली घ्यायचा नाही

प्रिय बाबा,

आईला चोरून मी बचाव होडीवर स्वयंसेवक झाले. आज सरावासाठी बुडणारा माणूस म्हणून समुद्रात बाहुला टाकला. माझं काम एकच, त्याच्याकडे हात करून उभं राहायचं. "नजर हटली की माणूस गेला," कप्तान म्हणाले. धुक्यात बाहुला झोपल्यासारखा डुलत होता. त्याला वर काढला, तरी माझा हात खाली येईना.

घरी ओले कपडे पाहून आईने ओळखलंच. मग मी बाहुल्याचं, हाताचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण ती खिडकीतल्या तिच्या खुर्चीत बसली आणि तुम्ही बुडालात तिकडे तिने हात केला.

"मला कुणी शिकवलं नव्हतं गं," म्हणाली. "ही खुर्ची हलवू देत नाही, ती काय उगाच?"

उद्या सरावाला तीच उठवणार आहे.

तुमची धाकटी