उजवीकडून उघडणारी किताब

अकोला, ता. १ जानेवारी १८६४, शुक्र.
नमाज आटोपून मुनशीजी आलेच. कचेरीत फारशी चालत होती तोवर यांचा काय रुबाब! डोळे गेले तेव्हा स्वहस्ते उतरवून काढलेल्या कपाटभर किताबा आमच्या शाळेच्या पुस्तकालयाला दिल्या. अट एकच, दर शुक्रवारी त्यांतली एक हातात द्यायची. नेहमीची लाल चामड्याची दिली. तासभर हुंगत बसले. आंधळ्याला किताब कशाला? माझा वेळ फुकट.

ता. ५, मंगळ.
मुंबईहून छापील पुस्तकांच्या पेट्या एकदाच्या आल्या. सगळ्या गाड्या कापसाने अडवलेल्या, म्हणून उशीर. हेडमास्तर म्हणाले, "जागा करा. फारशी रद्दीत काढा." मुनशीजींना कळवू का, विचारले. "तुमचे तुम्ही बघा." बघितले. नाही कळवले.

ता. ७, गुरु.
कापसाचा अडत्या दोन पोती भरून फारशी घेऊन गेला. नमुन्याच्या पुड्यांना असाच जाड कागद लागतो म्हणे. लाल किताबेचा पुठ्ठा तेवढा ठेवला. आत छापील भूगोल नेमका बसला. खळ लावून चिकटवला. आपल्याच हुशारीचे हसू येत होते.

ता. ८, शुक्र.
फजिती. म्हाताऱ्याने उजवीकडून उघडली. फारशी तिकडूनच सुरू होते, हे माझ्या डोक्यातच नाही! हाती लागले भूगोलाचे शेवटचे पान. बोट फिरवले, थांबले.
"मास्तर, अक्षर रुतून राह्यलं बोटाले. माह्या बोरूचं तं कधी लागलं नाई."
म्हटले, दमटपणा.
"या थंडीत?"
मी किताब मिटून कपाटात ठेवली.

ता. १५, शुक्र.
आज किताब मांडीवर घेतली, उघडली नाही. म्हणाले, "पयल्या पानावर माह्या बिबीनं आपलं नाव लिवलं हाय. तिले तेवढंच लिवता ये. फारशी येनारा कोनी असन तं बोलवा. नाव मले मालूम हाय, पन दुसऱ्याच्या तोंडून एकडाव ऐकाचं हाय."
पुढच्या शुक्रवारी, म्हणून बसलो. जीभ झडली असती तर बरे.

ता. १६, शनि.
अडत्याकडे धावलो. तो खो खो हसला. "थे पुड्या तं मुंबईले गेल्या! गिऱ्हाईक काय वाचून राहिलं त्याईले?"

ता. १९, मंगळ.
त्यांच्या मोहल्ल्यात चौकशी केली. बाई पडद्यातली, वारून कैक वर्षे झाली. सगळे 'अम्मा' म्हणत. नाव कोणालाच ठाऊक नाही. खरे सांगून टाकावे. पण मग हेडमास्तर... आणि माझी नोकरी...

ता. २२, शुक्र.
अत्तरवाल्या करीमला आणून बसवले आहे. त्यालाही फारशी येत नाही. पान बघितल्यासारखे कर आणि एखादे नाव घे, एवढेच शिकवले. भूगोल उलटा करून त्याच्यापुढे ठेवला.
नमाज सुटली. काठी पायरीवर वाजली.
करीम विचारतोय, "मास्तर, कोन्तं नाव घेऊ?"