बाबा कात्री घेऊन गेलेत

ठमे,

बाबा फाटकातून बाहेर पडलेत. तुझा फोन लागत नाही, म्हणून लिहून ठेवते आणि त्यांना शोधायला निघते. चूक माझीच. सकाळी त्यांनी सुकलेली फुलं तशीच ठेवून कळ्याच छाटल्या, तेव्हा मी ताडकन बोलले, "तुम्हाला काही कळतं का आता?" ज्या माणसाने अठ्ठ्याहत्तर साली ही बुटकी गुलाबं लावली, सुकलेलं फूल वेळच्या वेळी कापलं की पुन्हा बहर येतो हे मला शिकवलं, त्याला मी असं बोलले. मी हात धुऊन येईपर्यंत ते कात्रीसकट गायब.

कुणाच्या तरी कुंपणाशी गुलाब छाटत असतील, म्हणून गुलाबवाल्या घरांवरूनच जाते. मोठा रस्ता ओलांडला नसला म्हणजे मिळवली.

तू घरीच थांब. ते आले तर रागावू नकोस. "आपण कोण?" असं विचारलं तर तू त्यांची मुलगी आहेस हे पटवत बसू नकोस, ते घाबरतात. गुलाब बघायला आलेय म्हण. एकेक झाड दाखवत तेच तुला थांबवून घेतील, मी येईपर्यंत.

आई