खालच्या पट्टीतली माती

बिकानेर, १२ जानेवारी

ती. अण्णा,

तुम्हाला आणि आईला श्रद्धाचा जय जिनेंद्र.

मी मजेत आहे. थंडी लय आहे, पण खोलीत ऊन छान येतं. फोनवर पाण्याचा विषय काढला की तुम्ही लगेच म्हशीवर येता, म्हणून हे पत्र.

आईचे लाडू पोचले. आपल्या उसाच्या रानातल्या खालच्या पट्टीच्या मातीची पुडी तिनं त्याच डब्यात ठेवली होती. दोन लाडू दाताखाली कचकचले, तरी सगळे संपवले.

माती आमच्या शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासली. जास्त पाण्यानं खालचे क्षार वर आलेत, पण जमीन अजून हातची गेलेली नाही. इथंही कालवा आल्यावर लोकांनी शेतात पाणी तुंबवलं. आता वाळवंटात आपल्या आष्ट्यासारखी पांढरी रानं दिसतात.

तुम्ही म्हणाल, "पाण्याबिगर ऊस येतोय व्हय?" येत नाही. पण ऊस पाणी पितो, अण्णा, पोहत नाही. ठिबक करा, आणि साचलेलं पाणी निघायला चर खणा.

म्हशीचं रेडकू उभं राहिलं का? आईचा गुडघा कसा आहे?

पुडीत एक मेलेलं गांडूळ निघालं, तेव्हा आईच आठवली. पिण्याचं पाणी गाळलं की कापडावरचे डोळ्यांना न दिसणारे जीवही ती जपून परत विहिरीत सोडते. त्याच विहिरीवर तुमची मोटर दिवसभर चालते.

माझं एवढं ऐका. मोटरच्या पेटीची किल्ली आईकडे द्या.

तुमची,
श्रद्धा