काम वाढलं

लोणावळा, मंगळवार, ४ मार्च १९३०
तांदूळ संपले. मी तोंडाने मात्र म्हणाले, "तांदूळ वाढलेत हो." सासूबाईंचा नेम, घरात 'संपलं' म्हणायचं नाही. "लक्षुमी आयकती न् उठून जाती." बसली होती कधी ती?
विजेची इंजिनं आल्यापासून यांना रेल्वेच्या शेडमध्ये अर्धंच काम, पगारही अर्धा. झोप नाही, आईवर खेकसतात. मनात काय चाललंय कोण जाणे. मला मेलीला चौकशा फार.

गुरुवार, ६
जेवताना हे आपणहून बोलले. पानाकडे बघत, "काम वाढलं."
अगंबाई! होता नव्हता तेवढा रवा काढून शिरा केला. सा.बाई आळीभर सांगून आल्या, "आमच्या सदूचं काम लय वाढलं!"
हे एक घास खाऊन उठले. आनंदाने भूक मरते म्हणतात. असेल.

शनिवार, ८
धुताना गंमत. यांच्या सदऱ्याला काजळीच नाही! विचारलं, तर "शेडमध्ये धूर कुठे राहिलाय आता?" असं होय. पण तरी...

सोमवार, १०
चहा ठेवला, डबा रिकामा. हाक मारली, "सासूबाई, साखर वाढली." आणि हातातलं भांडंच पडलं.
साखर वाढली. काम वाढलं.
अरे देवा! मी त्यावर शिरा केला!
मग डबा घेऊन रोज जातात कुठे? संध्याकाळी विचारलंच.
"रुळाकडेला बसतो. विजेचं इंजिन बघतो. आवाजच नाही गं त्याला. जवळ आलं तरी कळत नाही."
आज दाराशीच अंथरूण घातलं.

मंगळवार, ११
सकाळीच ठणकावलं, "या घरात आता संपलं ते संपलंच म्हणायचं." सा.बाईंनी कानांवर हात ठेवले, "आगं आवदसे!"
हे उठून आईजवळ बसले. मग, "आई, काम संपलं." आणि ढसाढसा रडले.
सा.बाई पदराने त्यांचं तोंड पुसत, "आदी न्हाई का सांगायचं, बाबा?"
सांगायला शब्द कुठे ठेवला होता आपण?

बुधवार, १२
आजही निघालेत. अडवलं तर ऐकायचे नाहीत. डबा दोघांचा भरला. म्हटलं, "मलाही बघायचंय ते विजेचं इंजिन. धुराशिवाय चालतं तरी कसं?"
हे चपला घालून बाहेर गेले. जीव थाऱ्यावर नाही, हात आपला लिहितोय.
दारातून हाक आली, "येतेस ना गं?"